ठिपके टिटवीचे, रंग साळिंदराचा

एका जंगलात एक टिटवी होती. हो, तीच, आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी. हसू नका रे. तुम्ही तिच्याहून फार शहाणे आहात असं काही नाही. शेवटी कळेलच.

तिचं नाव द्वारका. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या माळावर गोट्यांमध्ये अंडी घालते, एवढं तरी शाळेत शिकवलं असेल. त्या काळी तिची अंडी पांढरीशुभ्र असायची. म्हणजे मुंगसाला पान वाढून ठेवल्यासारखंच. म्हणून द्वारका अंड्यांवर ठिपके काढायची. अंडं गोट्यासारखं दिसलं की वाचलं.

ठिपके काढायला काटा लागायचा, आणि काटा साळिंदरशेठचा.

पूर्वी जंगलात सगळे चित्र 'काढायचे'. शेठचे काटे आले आणि सगळे चित्र 'साळिंदरू' लागले. मोर पिसाऱ्यावरचे डोळे साळिंदरून घ्यायचा. चितळ पाठ साळिंदरून घ्यायचं. लग्नात नवरीला आधी हळद लावायची की आधी साळिंदरायचं, यावरून वऱ्हाडात भांडणं व्हायची.

आणि काटा होताच तसा! टोक बारीक, रंग पक्का. एक रताळं द्यायचं, गळालेला काटा घरी न्यायचा. तो जन्मभर तुमचा.

मग एक दिवस शेठने दवंडी पिटली.

"आजपासून काटा घरी न्यायला मिळणार नाही. काटा माझ्या पाठीवरच राहील. ज्याला साळिंदरायचंय त्याने यावं, पाठीशी उभं राहावं, काम करावं आणि जावं. दर अमावास्येला एक रताळं. जुने काटेही परत आणून द्या."

"आणि काढून झालेले ठिपके?" द्वारकेने विचारलं.

"ठिपके तुमचेच हो, बाई. रंग तेवढा माझा. अमावास्या चुकली तर उडेल."

द्वारका तणतणत घरी आली. "मेल्याच्या पाठीला वाळवी लागो!" ती नवऱ्याला म्हणाली. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "पण टोक काय बारीक आहे, नाही?"

अशी ती दर अमावास्येला जात राहिली. शिव्या देत जायची, खूश होऊन यायची. दर वर्षी तिचं एखाददुसरं अंडं मुंगूस न्यायचाच. द्वारका म्हणायची, एखादा ठिपका चुकला असेल माझा.

एका वर्षी तिची अंडी उबवायची वेळ आणि अमावास्या एकत्र आल्या. रताळं उकरायला सवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, सगळे ठिपके गायब! अंडी उन्हात लखलखत होती. नवऱ्याला अंड्यांवर बसवून ती धावत शेठकडे गेली.

"शेठ, माझी लेकरं आहेत हो ती!"

"तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या," शेठ म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. पोचल्या."

हे ऐकून जंगल पेटून उठलं. वडाखाली सभा भरली. शेठवर बहिष्कार घालायचा ठरला. 'साळिंदर हटाव' असा फलक लावायचा ठरला.

"फलक कोण करणार?" अस्वलाने विचारलं.

"करणार कोण म्हणजे? साळिंदरून आणू," सगळे एका सुरात म्हणाले.

दुसरा शब्दच कुणाला आठवेना. गेले बिचारे शेठकडे. शेठ पाठ करून शांत उभा राहिला, त्यांना पूर्ण फलक लिहू दिला. वर म्हणाला, "'हटाव' जरा ठळक करा, लांबून दिसत नाही." आणि रताळं ठेवून घेतलं. फलक इतका देखणा झाला की सगळे तो बघायलाच जमले आणि बहिष्कार राहूनच गेला.

कावळा तेवढा सभेला गेला नव्हता. तो द्वारकेकडे आला.

"मी केव्हापासून ओरडतोय, वणव्यातला कोळसा घ्या! फुकट आहे, सगळ्यांचा आहे, कुणाच्या बापाचा नाही!"

कावळ्याने स्वतः जन्मात एक रेघ ओढली नव्हती. पण द्वारका करते काय? तिने चोचीत कोळसा धरला. हा ठिपका फुटला, तो फरफटला. एका अंड्यावर तर नुसताच डाग पडला. तिला रडू आलं. तेवढ्यात नवरा ओरडला, "मुंगूस!" आणि दोघं झुडपामागे लपली.

मुंगूस आला. अंड्यांपाशी थांबला. वास घेतला, त्याला कोळशाचा वास आला.

"शी! किती गचाळ," तो स्वतःशीच म्हणाला. "हे जळके गोटे दिसतायत. अंडी कशी छान साळिंदरलेली असतात. लांबून ओळखतो मी."

आणि निघून गेला.

नवरा आनंदाने उड्या मारू लागला. "वाचली गं, द्वारके! सगळी वाचली!"

द्वारका अंड्यावरच्या डागाकडे बघत होती.

"गचाळ म्हणाला मला," ती म्हणाली.

"अगं, गचाळ होती म्हणून तर वाचली!"

"तुम्हाला कलेतलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने रताळं उकरलं. एकेक अंडं ढकलत शेठच्या बिळापाशी नेलं. रांगेत उभी राहिली. मग काय हात, म्हणजे काय चोच चालली तिची! असे ठिपके तिने आयुष्यात काढले नव्हते. दुपारपर्यंत अंडी पुन्हा माळावर मांडली आणि ती झुडपामागे जाऊन बसली.

उन्हं कलली. मुंगूस त्याच वाटेने आला. आज तो लांबूनच थांबला.

"वा!" तो म्हणाला. "याला म्हणतात काम!"

द्वारकेचा ऊर भरून आला.

मग मुंगूस जेवायला बसला.

तात्पर्य: गचाळ कामाने जीव वाचतो, पण चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून शहाण्याने अमावास्या चुकवू नये.

(तात्पर्य याहून बरंच तिखट लिहिलं होतं. पण मधे माझी अमावास्या उलटली आणि अर्धी अक्षरं उडाली.)