चित्रातलं कारंजं

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुणाला कधी स्टेशनवर भेटायला बोलावलं नाही. ते बोलवायचे कारंज्यापाशी. "संध्याकाळी कारंज्यापाशी या, निवांत बोलू." माणूस बिचारा जायचा, तर स्टेशनसमोर एक मोठा खड्डा, खड्ड्याच्या कडेला खडीचा ढीग आणि ढिगावर एक शेळी. कारंजं कुठंच नाही. मामंजी मात्र छत्री टेकवून तिथं आधीच उभे असायचे, आणि उशीर का केला म्हणून त्या माणसालाच रागवायचे.

गावाचं नाव मी सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं आहे, रेल्वे आहे, जिंतूरकडून येणारी एसटी स्टेशनसमोर वळते, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे त्या कारंजेवाल्यांच्या सूनबाई का तुम्ही?" आमचं आडनाव कारंजेवाले नाही हो. पण ते असं काही चिकटलं की किराणा दुकानदार आमच्या सामानाच्या पिशवीवरही तेच लिहायला लागला. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. मामंजी पिशवी बघून म्हणायचे, "अक्षर बरंय की त्याचं."

झालं होतं असं. आमच्याकडे छोटे रूळ जाऊन मोठे रूळ येणार होते, आणि त्यांच्या मानानं स्टेशनचा परिसरही मोठा करायचं ठरलं. रुंद रस्ता, बाग, टांग्यांना आणि रिक्षांना वेगळी जागा, टपरीवाल्यांना ओळीनं पक्के गाळे. ती नामांतराच्या वादाची वर्षं. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा, आणि कालपर्यंत एका बाकावर बसणारी माणसं दोन बाकांवर बसू लागलेली. त्या दिवसांत सगळं गाव एकमेकांशी बोलू शकेल असा एकच विषय उरला होता, तो म्हणजे हे स्टेशनचं काम कुठवर आलं.

योजनेची जाहिरात करायला एक मोठा बोर्ड हवा होता. मामंजी शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. नगरपालिकेच्या साहेबांनी नक्शा त्यांच्या हातात दिला. मामंजींनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्यात तर नुसत्या रेघाच. रेघा लोकांना कळतात का?" मग महिनाभर आमच्या ओसरीत भिंतीएवढा पत्रा आडवा पडला. स्वयंपाकघरात जायचं तर मी साडी सावरून त्याच्यावरून उडी मारायची. एकदा पाय पडला, तर स्टेशनच्या बागेत माझी टाच उमटली. तिचं त्यांनी गुलाबाचं झाड केलं.

बोर्ड लागला तेव्हा गाव लोटलं. गुळगुळीत रस्ता, रांगेत झाडं, छत्र्या घेऊन हिंडणाऱ्या बायका, आणि चौकाच्या मधोमध तीन मजली कारंजं. निळं, पांढरं, थुईथुई. आमच्या गावात नळाला दिवसाआड पाणी यायचं. लोक त्या कारंज्याकडे बघतच राहिले.

तेव्हापासून मामंजींच्या तोंडी दोनच वाक्यं. कुणी विचारलं काय होणार, तर "चित्रात बघा." कुणी विचारलं कधी होणार, तर "जरा रंग वाळू द्या." खड्डा खणून ठेकेदार गायब झाला, तरी "रंग वाळू द्या." शेजारच्या मुलीचं लग्न जमेना, "रंग वाळू द्या." माझ्या बाळंतपणात डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अजून वेळ आहे, तर बाकावरून मामंजी म्हणाले, "वाळू द्या." डॉक्टरीणबाई अजून मला बाजारात भेटल्या की हसतात.

आता हे सगळं पुढं गेलं ते गयाबाईमुळे. टपरीवाले हलायला तयार नव्हते, आणि त्यांच्यात सगळ्यात घट्ट गयाबाई. नामांतराच्या पहिल्या दंगलीत तिचं खेड्यातलं घर जळालं. लेकरं घेऊन ती आमच्या स्टेशनवर उतरली आणि फाटकासमोरच तिनं चूल मांडली. चार पत्रे, एक भट्टी, दोन बाकडी. त्याला सगळे गयाबाईचं हॉटेल म्हणत. साहेब लोक समजावायला गेले की ती म्हणायची, "एक डाव उठून आलेय मी. आता न्हाई उठायची."

मामंजी तिच्याकडे गेले आणि तिला बोर्डासमोर घेऊन आले. चित्रातल्या गाळ्यांच्या ओळीत एक हिरव्या लुगड्यातली बाई चहा गाळत होती. शेजारी पितळी नळ, नळाखाली घागर.

गयाबाई बराच वेळ बघत राहिली. "मास्तर, ही मीच हाय न्हवं?"

"तूच. चित्रात बघ ना."

"आन् ह्यो नळ?"

"तुझाच."

दुसऱ्या दिवशी तिनं भट्टी उचलली आणि मालधक्क्याच्या मागं, तात्पुरत्या दिलेल्या जागेवर गेली. तिच्यामागं बाकीचेही गेले. गिऱ्हाईक तिथं फिरकायचं कमी, आणि पाण्याचा हापसा पार दुसऱ्या टोकाला. पण गाळा मिळणार, नळ मिळणार, चित्रातच होतं ना.

कारंजं मात्र न होताच गावभर झालं. एसटीचे कंडक्टर ओरडायला लागले, "चला, कारंजं, कारंजंवाले उतरा!" वराती कारंज्यापर्यंत जायला लागल्या. चुडाव्याहून माझा भाऊ यायचा, तो गाडीतून उतरता उतरता मोठ्यानं विचारायचा, "काय ताई, सुरू झालं का कारंजं? उडायलंय का पाणी?" प्लॅटफॉर्मवरचे चार जण हसायचे. मला वाटायचं, रूळ दुभंगावेत आणि मी आत जावं.

पुढं साहेब बदलले. लेकीच्या जन्माच्या दाखल्यासाठी मी मामंजींना घेऊन कचेरीत गेले होते, तर ते दाखला सोडून सरळ नव्या साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. कारंज्याचं काम कधी सुरू करणार, ते विचारायला. साहेबांनी नक्शा उलगडला. बोट फिरवून फिरवून बघितलं.

"मास्तर, ह्यात कारंजं नाहीच."

"मग चौकाच्या मधोमध काय आहे?"

"काही नाही. मोकळी जागा."

मामंजींनी चष्मा लावून बघितलं. "हो," ते म्हणाले, "मोकळीच होती. म्हणून तर काढलं. चित्राला मधोमध निळा रंग पाहिजे होता, साहेब."

कचेरीतले कारकून तोंडावर हात धरून हसायला लागले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "आणि गाळ्यांजवळचा नळ?"

"कुठला नळ?" साहेब म्हणाले.

येताना ऊन नव्हतं, तरी त्यांनी छत्री उघडली आणि पुढून अशी कलती धरली की कुणाला त्यांचं तोंड दिसू नये. त्या दिवसापासून ते बोर्डासमोरून गेले नाहीत. भाजी आणायची तरी मागच्या बोळानं वळसा घालून जायचे. "चित्रात बघा" बंद झालं, "वाळू द्या" बंद झालं. गाव मात्र कारंजं कारंजं करतच राहिलं, आणि कंडक्टर ओरडला की आमच्या ओसरीत मामंजींची मान खाली जायची. इतकी वर्षं मला त्यांच्या बोलण्याची लाज वाटत होती. आता त्यांची ती लाज बघवेना.

त्याच सुमाराला आमच्या हौदातलं पाणी कमी पडायला लागलं. रात्री काठोकाठ भरलेला हौद सकाळी उतरलेला असायचा. मी शेजारणीवर संशय घेतला, हौदाला चीर गेली म्हणून गवंडी बोलावला. मामंजी दोनदा आंघोळ करतात की काय, असं मी एकदा त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानंही म्हणाले.

मग एकदा भाऊ पहाटेच्या गाडीनं येणार होता. मी स्टेशनवर गेले तर गाडी लेट. थंडी होती, आणि मालधक्क्यामागं गयाबाईच्या भट्टीचा उजेड दिसत होता. आमच्याकडच्या बायका तिथं चहा घेत नसत. का, ते कुणी कुणाला सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. मीही त्यातलीच होते. तरी पाय तिकडं वळले.

तेवढ्यात सायकल हातात धरून, दोन्ही बाजूंना दोरीनं कळश्या लटकवून, धापा टाकत मामंजी आले.

गयाबाई मागं न बघताच म्हणाली, "आलं बगा कारंजं!"

बाकड्यावरचे हमाल हसले. मामंजीही कसनुसे हसले आणि रांजणात पाणी ओतायला लागले. मग त्यांनी मला बघितलं. हातातली कळशी रांजणाच्या काठावर आपटली आणि निम्मं पाणी भुईवर गेलं.

"सूनबाई व्हय? बसा की," गयाबाई म्हणाली. "मी न्हाई हो बोलिवलं ह्यास्नी. एक दिवस आपले आपणच आले. म्हणले, गयाबाई, त्यो नळ मी माझ्याच मनानं काढला व्हता, नक्शात न्हवता. मला लय राग आला. म्हणलं, मास्तर, तुमच्या चित्रापायी मी उठले, आता पाणी काय चित्रातली बाई आणंल का? तवापासून रोज आणायलेत. नगं म्हणलं तरी ऐकंनात."

मी मामंजींकडे बघितलं. उगीच म्हणाले, "मामंजी, तो नळ बोर्डावरून पुसून टाकायचा तेव्हाच."

"पुसला असता गं," ते खाली बघत म्हणाले. "ऑइलपेंट आहे, रॉकेलनं निघतो. पण हिनं बघितलाय ना तो."

मग दोरी गुंडाळताना हळूच म्हणाले, "घरी बोलू नकोस. लय लाज वाटते बघ." आणि रिकाम्या कळश्या वाजवत मागच्या बोळानं निघून गेले. गयाबाईनं भट्टीवर आधण चढवलं.

गाडी आली. भाऊ डब्याच्या दारातच उभा होता. सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असा ओरडला, "काय ताई, सुरू झालं का कारंजं?"

"झालं," मी म्हणाले. "चल, तिथंच चहा घेऊ."