पाठीवरचा खिसा

सुपडूनानांच्या मते साऱ्या धुळे जिल्ह्यात नजर म्हणावी अशी एकच होती आणि ती त्यांच्याकडे होती. तिच्यावर जाड भिंगांचा चष्मा होता, ही गोष्ट ते धरत नसत. पोटापाण्यासाठी ते रेडिओ दुरुस्त करत. दुकानाच्या पाटीवर मात्र रेडिओखाली ‘खाजगी गुप्तहेर’ असं रंगवलेलं होतं, तेही रेडिओपेक्षा ठळक.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात शिंदखेड्याचे कौतिकआबा त्यांच्याकडे आले. आबांच्या सुनंदाला चोपड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा लीलाधर, शाळेत कारकून. तो पाहून गेल्यापासून सुनंदा भाकरी थापतानाही गालात हसायची.

“नाना, तेवढी चौकशी करा. पोरनी जिंदगीना सवाल शे.”

“आबा, चौकशी पोलीस करतात. मी छडा लावतो!”

नाना भांडेवाल्याच्या वेषात चोपड्याला पोचले. जुन्या कपड्यांवर भांडी देणारा माणूस घराची गुपितं गाठोड्यात बांधून आणतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. लीलाधरची आई मंदाबाई घासाघिशीत वस्ताद निघाली. तीन विरलेल्या बनियनांवर तिने मोठी परात उकळली. परात नानांच्या बायकोची, प्रमिलाबाईंची होती. घरी काय सांगायचं, हा तपास नानांनी पुढे ढकलला.

परतताना एसटीत त्यांनी गाठोडं सोडलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिन्ही बनियनांना पाठीवर, बरोबर मधोमध, खिसा शिवलेला! पहिल्याला तिळाच्या तेलाचा वास. दुसऱ्यात कपडे वाळत घालायचा चिमटा. अमळनेर येईपर्यंत लीलाधर सोन्याचा तस्कर ठरला होता. पुढे तिसऱ्या खिशात लाकडी भोवरा लागला आणि नानांनी तस्करी मोठ्या मनाने माफ केली. प्रकरण त्याहून भयंकर होतं.

चार दिवसांनी शिंदखेड्याला तारीख काढायला लीलाधर आणि मंदाबाई बसलेले असताना नाना बनियन फडकावत आत शिरले.

“आबा, थांबा! या माणसाला एक मूल आहे! त्याला पाठीवर घेऊन हा घोडा-घोडा खेळतो. त्याचं खेळणं ठेवायला हा खिसा! तेल त्याच्या टाळूवर घालायला, आणि चिमटा दुपट्याला!”

लीलाधरचा चेहरा खर्रकन उतरला. आबा उठले. “उठा पाव्हणा.”

चहा घेऊन आलेली सुनंदा दारातच थबकली होती. डोळे भरून आले होते, तरी ती सरळ लीलाधरसमोर गेली.

“हाऊ खिसा कसाकरता शे?”

तपासाची ही पद्धत नानांनी कुठेही वाचली नव्हती.

“मी घोरतो,” लीलाधर खाली मान घालून म्हणाला. “उताणा झोपलो की फार. पाठीला भोवरा टोचला की कुशीवर होतो. आधी नाकात तेल सोडून पाहिलं. मग नाकाला चिमटा लावला, तर घोरणं तोंडातून यायला लागलं.” त्याने हळूच वर पाहिलं. “लग्नानंतर यांची झोप मोडू नये, म्हणून.”

“भोवरा हरपना तवयपासून आख्खी गल्ली जागी शे,” मंदाबाईने पुस्ती जोडली.

“मला घोरण्याचा दाट संशय होताच,” नाना म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

आबा खाली बसले, पण मन निवेना. “पण मंग पोरनी झोपनं काय?”

“आबा, तुम्ही बी घोरतस,” सुनंदा म्हणाली. “तीस वरीस व्हयनात. आईकरता कधी येक भोवरा बांधा का?”

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. आबांची बायको झुंबरबाई पदराने डोळे पुसत उंबऱ्यात आली. पाहुण्यांसमोर ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

“जवाई,” ती लीलाधरला म्हणाली, “असा भोवरा चोपडामा कोठे भेटस?”

आबांनी निमूटपणे पंचांग उघडलं.