सगळ्या गावाच्या ग्रंथी

कुणी शिव्या द्यायला लागला की मी शिकवायचो त्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्ती मास्तर आधी त्याची नाडी धरायचे. औरादच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी दोघं हातघाईवर आले, तेव्हा मास्तर मध्ये शिरले आणि एकाचं मनगट पकडून म्हणाले, "हे तू न्हाई बोलायलास, बाबा. तुझी ॲड्रिनल बोलायलीय. मूत्रपिंडावर टोपीवानी बसलेली असती ती."

"मग तिला म्हणा, उतर खाली," तो म्हणाला. तोवर दुसरा हसायला लागला होता. भांडण मिटलं.

नसा म्हणजे तार आणि ग्रंथी म्हणजे टपाल, असं मास्तर शिकवायचे. काटा रुतला की मेंदूला तार जाते, तत्काळ. टपाल रक्तातून सावकाश फिरतं, पण घरोघर पोचतं. पोरगं उंच होईना, सरपंच तापला, सून फणकारली, प्रत्येकाला मास्तरांकडं एकेक ग्रंथी ठरलेली. त्यामुळं या माणसानं गावात कुणालाच कधी दोष दिला नाही.

बायको सोडून.

शेवंताबाई वर्षागणिक सुस्तावत गेल्या. भर वैशाखात गोधडी ओढून पडायच्या. मास्तर पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची आळशीण." सगळे हसायचे. मीही हसलोय. उदगीरला शेवंताबाईंच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. त्यांना आवरायला उशीर झाला, तर मास्तर त्यांना घरीच ठेवून एकटे बसनं गेले.

हैदराबादला नोकरी करणारी मुलगी वर्षानं दिवाळीला आली. आईचा सुजलेला चेहरा आणि घोगरा आवाज बघून तिला बीदरला घेऊन गेली. रक्त तपासलं. थायरॉइड मंदावलेली, तीही बऱ्याच वर्षांपासून, असं डॉक्टरांनी सांगितलं. हीच ग्रंथी मास्तर जन्मभर फळ्यावर फुलपाखरासारखी काढत आले होते.

शेवंताबाई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "अख्ख्या गावाला ग्रंथी वाटल्या तुम्ही. माझ्या वाट्याला आळसच आला व्हय?"

त्यानंतर मास्तर बाजारात कुणाचं मनगट धरेनासे झाले. लोक त्यांच्यासमोर मुद्दाम भांडून बघायचे, तरीही.

एका सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. शेवंताबाईंनी नुकतीच गोळी घेतली होती. ती उपाशीपोटी घ्यायची, मग तासभर काही खायचं-प्यायचं नाही. मास्तर त्यांच्या शेजारी तोंड सुकवून बसलेले. मला मात्र चहा मिळाला.

"मास्तर, गोळी वहिनींना हाय. तुम्ही कामून उपाशी बसलाव?"

"ह्याला काही शास्त्र न्हाई, गुरुजी."

"पाऊण तास हाय अजून," शेवंताबाई म्हणाल्या. "तुम्ही घ्या की चहा."

"असू दे," मास्तर म्हणाले. "बसतो."