कोमट पाणी

नथूचं वऱ्हाड घेऊन शेणव्याहून निघालेली लॉरी भर दुपारी टोकावड्याच्या अलीकडे थांबली आणि पुढून भसाभस वाफ सोडू लागली. देवजी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. डिझेलची लॉरी त्या काळी इतकी नवलाची, की तिच्यातून लग्नाला जाणाऱ्याचं नाव वर्षभर निघे. ही होती जुनीच, पण देवजीच्या शेटची. गाडी देताना शेट एवढंच म्हणाला होता, "मेव्हण्याच्या लग्नाला ने. पण इंजिन भाजलं तर किल्ली ठेवायची आणि परत नांगर धरायचा."

रेडिएटरला बारीक चीर पडून पाणी ठिबकून गेलं होतं.

"दाजी, ओता ना ओढ्याचं पाणी," बाशिंग सावरत नथू म्हणाला. "गोरज टळंल."

"तापल्या लोखंडावर थंड घातलं का तडकतं. आदी निवू दे. मग कोमट पाणी लागतं, तेबी थोडं थोडं."

"माज्या चार बाळंतपणांत मला कोणी इतकं जपलं नाय," नथूची आई गुणाबाई, म्हणजे देवजीची सासू, कोणालाच न उद्देशून म्हणाली.

अर्ध्या तासाने देवजीने फडकं धरून झाकण काढलं आणि डबा घेऊन तो ओढ्याकडे गेला. आता हा पाणी आणणार, चूल मांडणार! गुणाबाई उठली आणि रस्त्याकडेच्या झोपडीपाशी गेली. दारात गंगी नावाची बाई उभी होती.

"कोमट पाणी हाय का गो?"

"भर दुपारी दारात आलेल्याला नुसतं पाणी? आमच्यात तशी रीत नाय." गंगीने चुलीवरून उतरवलेलं पेजेचं मडकं पुढे केलं.

"अगो, लॉरीला पायजे."

"असू दे. तीबी दारातच आलीय."

देवजी परतला तेव्हा मडकं रिकामं होतं आणि रेडिएटरच्या तोंडाशी दोन शितं चिकटली होती.

"मामी, काय ओतलंत?"

"कोमट."

देवजी मटकन रस्त्यातच बसला. त्याला शेटची किल्ली दिसली, मग नांगर दिसला. मग दिसलं, की ठिबकणं थांबलंय.

डब्यातलं पाणी कोमट करून त्याने वर भरलं आणि दर दोन फर्लांगांवर थांबून, बॉनेटला हात लावत वैशाखरे गाठलं. गोरज साधली. मांडवात लॉरी शिरली ती भाताचा वास घेऊन. पोरंटोरं नवरदेव सोडून तिच्याभोवती जमली.

दुसऱ्या दिवशी शहापुरात नवसू मिस्त्रीने रेडिएटरचा खालचा नळ सोडला. पांढरं, दाट पाणी आलं. देवजीने वाटेत खोटं जुळवून ठेवलं होतं. "विहिरीचं पाणी जरा..."

नवसूने चिमटीत धरून ते चोळलं. "आज धुवायला आणलीस म्हणून वाचली. आणखी दोन दिवस राहतं तर इंजिन भाजून निघालं असतं."

"शेटला सांगशील?"

नवसूने तीनदा पाणी घालून रेडिएटर धुतला आणि चिरेला कथलाचा डाग देऊन ती बुजवली. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तांदूळ नवा होता का जुना?"

"काय म्हाईत."

"नवाच असंल, चिकट. जुन्याची पेज मी दोनदा घालून बघितलीय. मुरबाडपरेंत पण टिकत नाय."