कात्रीरावांची न्हाणीघराच्या दारावरील स्वारी

समस्त घरमालक, भाडेकरू आणि भिंतीकडे पाहोन ही पाडावी काय ऐसा विचार मनी आणणारे सुज्ञ जन यांसी विदित व्हावे की, न्हाणीघराचे अरुंद दार रुंद करणेची जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान येथे यथास्थित लिहिले असे. पदरचे काही घातले नाही आणि नायकाची फजिती काही वगळली नाही.

राजश्री कात्रीराव हे एका दैनिक अखबाराचे दफ्तरी मुख्य उपसंपादक. बातमी कितीही लांब येवो, तांबड्या लेखणीने तिचे पाल्हाळ उडवोन ती जागेत बसविणे हा त्यांचा नित्याचा पराक्रम, आणि त्यावरोनच हा किताब त्यांस सहकाऱ्यांनी बहाल केला. त्यांच्या मातुश्रींचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया जाहली आणि मग त्या थोरल्या कन्येकडे मुक्कामास गेल्या. तेथे वॉकर घेऊन चालूही लागल्या, परंतु तो वॉकर कात्रीरावांचे न्हाणीघराचे दारात मावेना. तेव्हा मातुश्रींनी फर्माविले की, न्हाणीघरात हात धरोन नेणारे मला कोणी नको. माझी मी आत जाईन तरच त्या घरी पाऊल ठेवीन. थोरल्या बहिणीने तत्काळ जाहीर केले की आई आता कायमची इकडेच. हे ऐकोन कात्रीरावांचे धाबे दणाणले. सकाळचा अखबार घरात प्रथम मातुश्री वाचीत आणि चुका काढीत. आता चुका काढणारे कोणी नसल्याने नायकास घास गोड लागेना.

मग मसलत होऊन ठेकेदारास पाचारण केले. कात्रीरावांनी त्याचा परवाना मागितला, उजेडात धरिला, मुदत पाहिली आणि कार्यालयात फोन करोन शिक्क्याची शहानिशाही केली. परवाना अस्सल निघाला, तेव्हा ते किंचित निराश जाहले. मग ठेकेदाराने करारनामा पुढे ठेविला. तो ऐसा लांबलचक की पाहताच नायकाचे हात शिवशिवले. त्यात एक कलम होते की, सर्व काम नियमाप्रमाणे होईल. आणि त्याचे पाठीस दुसरे की, भिंत भार पेलणारी निघाल्यास अभियंत्याचा नकाशा आणि बांधकामाची परवानगी ठेकेदाराने आणावी, तोवर भिंतीस हात लावू नये. नियमाप्रमाणे म्हटल्यावर हे पुनः सांगणे कशास, ऐसा विचार करोन कात्रीरावांनी तांबडी लेखणी चालविली आणि ते कलम जागीच ठार केले.

गृहस्वामिनी बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, करार आहे तो, बातमी नाही."

"वाचणाऱ्याला कंटाळा येतो," नायक उत्तरले.

"वाचणार आपण दोघंच ना?"

ठेकेदाराने कापलेला मजकूर पाहिला, "वा साहेब, छान सुटसुटीत झालं," म्हणोन तारीफ केली आणि चटकन सही ठोकिली.

मग हातोडे चालले आणि धुळीने आसमंत भरला, आणि दाराशेजारची भिंत अर्धी कोसळल्यावर समजले की वरच्या छताचा भार तीच पेलीत होती. तातडीने खांब टेकविले गेले. इतक्यात रस्त्यावरील राडारोड्याचा ढीग पाहोन इमारत निरीक्षक बाईंची स्वारी अवचित आत आली, आणि त्यांनी काम थांबविणेचा हुकूम भिंतीच्या उरल्या भागावर डकविला.

"परवानगीचं कलम साहेबांनीच खोडलंय," ठेकेदार म्हणाला. "शेजारी त्यांची सहीपण आहे."

"पण नियमाप्रमाणे असं लिहिलंय ना!" कात्रीराव कडाडले.

"लिहिलंय ना? मग ऐका," निरीक्षक बाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे परवानगी नसताना हातोडा लावला, तर परवाना जातो."

ठेकेदाराचा चेहरा पांढरा पडला, आणि मग तह जाहला. ठेकेदाराने स्वखर्चाने अभियंता आणावा, नायकाने परवानगीचा अर्ज घेऊन खासा बांधकाम कार्यालयी जावे, आणि तांबडी लेखणी बाईसाहेबांचे कपाटात नजरकैद राहावी.

कात्रीराव कार्यालयी गेले आणि अर्जात 'कामाचे कारण' या जागी अग्रलेख लिहू लागले. त्यात वार्धक्य आले, समाज आला आणि शासनाचे कर्तव्यही आले. खिडकीतील कारकुनाने तो पाहिला आणि परत सरकविला.

"साहेब, जरा थोडक्यात लिहा ना."

आयुष्यभर जे वाक्य दुसऱ्यांस ऐकविले, ते आज स्वतःस ऐकावे लागले. नायक बाकावर बसोन कापू लागले. समाज गेला, शासन गेले, वार्धक्यही गेले. अखेर उरले ते इतकेच: आईला तिचे तिला आत जाता यावे म्हणून.

कारकुनाने ते वाचले, मान हलविली आणि अर्ज दाखल करोन घेतला. यथावकाश परवानगी आली. नवा करारनामा बाईसाहेबांनी कलमागून कलम मोठ्याने वाचिला आणि नायकाने हात पाठीमागे बांधोन ऐकिला. लोखंडी तुळई बसली, दार रुंद जाहले, आणि निरीक्षक बाईंनी मापाची फीत लावोन शिक्का दिला.

मग मातुश्री वॉकरनिशी घरी आल्या. कात्रीराव स्वागतास नव्या दारातच उभे.

"बाजूला हो रे. एवढं दार मोठं केलंस आणि आता तूच अडवून उभा!"

नायक बाजूस जाहले. मातुश्री एकट्या आत गेल्या, आतून कडी लागली, आणि क्षणभराने आवाज आला, "आणि काय रे, आजच्या पेपरात पहिल्याच पानावर चूक आहे!"

हे ऐकताच कात्रीरावांचे डोळे पाणावले. त्याच समयी मोहीम फत्ते जाहली, ऐसे या दफ्तरी न कापता नोंदले असे.