हजेरी कुणी लावली?

कारखान्याच्या गेटवर उभी हयात हजेरी तपासण्यात घालवलेले नीळकंठराव छातीठोकपणे सांगत, "लबाड माणूस मला चालीवरून कळतो." निवृत्तीनंतर बरखेड्यातल्या घरात तपासायला एक जावईच उरला होता.

निनाद घरून काम करायचा. म्हणजे, तो तसं सांगायचा! सकाळी लॅपटॉप सुरू करून हा पोहे खायला बसायचा. इकडे काळ्या पडद्याचे आपोआप चार भाग होऊन चारही भागांत अक्षरं धावू लागायची. विचारलं तर म्हणाला, "बाबा, रोज त्याच कमांड कोण टाइप करणार? एकदा लिहून ठेवल्यात. लॅपटॉप सुरू झाला की आपोआप चालतात."

माणूस पोहे खातो आणि काम होतं? नीळकंठरावांना घास गोड लागेना. आपल्या पोरीला, केतकीला, कुणा ठकसेनाच्या गळ्यात तर बांधलं नाही ना?

त्या दिवशी सगळे पचमढीला निघणार होते. हौस नीळकंठरावांचीच, फार जुनी. निनादनं साहेबाच्या नाकदुऱ्या काढून तीन दिवसांची रजा मिळवली होती. तो गाडीत हवा भरायला गेला आणि सासऱ्यांनी डाव साधला. पासवर्ड केतकीचं नाव निघालं. एवढा एक मुद्दा जावयाच्या बाजूनं पडला.

चार खिडक्या उघडल्या. तीन नुसत्याच बडबडत होत्या. चौथीत एक ओळ उमटून निसटली. काहीतरी कुठेतरी गेलं खास! नीळकंठरावांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा निसटली. मग चष्मा पुसून, मग चष्मा बदलून. शेवटी वाचता आली. इंग्रजीत लिहिलं होतं, 'निनाद कामावर हजर'.

सापडला! माणूस बाहेर आणि हजेरी आत! खात्रीसाठी त्यांनी आणखी एकदा बटण दाबलं.

तेवढ्यात निनाद आला, मागोमाग साहेबाचा फोन. स्पीकरवर साहेब खूश होते. "निनादजी, छुट्टी लेकर भी सुबह से बार-बार हाज़िरी? मन नहीं लग रहा न? चलिए, छुट्टी कैंसल. मीटिंग में आ जाइए."

निनादनं लॅपटॉपकडे पाहिलं, मग बटणावरच्या बोटाकडे. केतकी बॅगेतून वडिलांचा स्वेटर बाहेर काढू लागली.

"बाबा," निनादनं शांतपणे विचारलं, "दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्याला तुमच्या गेटवर काय शिक्षा असायची?"

नीळकंठरावांनी बोट उचललं.

"तीन दिवस घरी बसवायचो," ते म्हणाले.