पाच ओळींत न मावणारे वाळुंजकाका

‘राजमाचीचा रस्ता सुरू आहे का?’ असं आमच्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं. वाळुंजकाकांनी उत्तर सुरू केलं ते खंडाळ्याच्या घाटापासून. मग नोकरीत असताना अंगावर आलेलं माकड, चांगल्या बुटांची लक्षणं, आणि ‘विषय निघालाच आहे म्हणून सांगतो’ असं म्हणत काकूंच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडल्याची बातमी. ‘सुरू आहे’ हे शेवटच्या ओळीत. तोवर विचारणारा राजमाचीला जाऊन, पिठलं-भाकरी खाऊन घरीसुद्धा पोचला होता.

कट्टा म्हणजे मावळात भटकणाऱ्यांचा ऑनलाइन मंच. त्याची ॲडमिन मी. हे पद कुणी देत नाही, गळ्यात पडतं. आणि वाळुंजकाका, रेल्वेतून निवृत्त, लोणावळ्यात आमच्याच इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. टाइप करताना त्यांना बसवत नाही, घरभर फिरत टाइप करतात. वर पावलं वाजायला लागली की मी ओळखते, आज पुन्हा महाभारत!

बरं, माहिती खोटी म्हणावी तर तसंही नाही. मळवलीहून भाज्याला जाताना कुठल्या घरी पाणी मागावं इथपर्यंत पक्की. पण लोक तांदळातून खडे वेचतात, आम्हाला खड्यांतून तांदूळ वेचावे लागत. ‘काकांचं वाचायला रजा टाकावी लागते,’ असं एकानं लिहिलं, तेव्हा मी काकांना जिन्यात गाठलं.

"काका, थोडक्यात लिहा ना. लोकांना कामाचं तेवढं हवं असतं."

"अगं वैशाली, मुळात काय आहे, रस्ता कुठं वळतो ते पाटीही सांगते. माणसानं चार गोष्टी जास्त सांगायला नकोत?"

"सांगाव्यात, पण काकूंचा गुडघा कशाला?"

काका एक पायरी वर, एक पायरी खाली करत राहिले.

शेवटी मी नियमच केला: उत्तर पाच ओळींत, तेही फक्त कामाचं. काका मुकाट्यानं पाळायला लागले. ‘पार्किंग आहे.’ ‘वाट निसरडी आहे.’ सगळे खूश. वरची पावलं मात्र सकाळ-संध्याकाळ वाजतच राहिली, आणि कट्ट्यावर त्या एका ओळीपलीकडे काही येईना. मलाच चैन पडेना.

रविवारी काका दारात हजर. चहाचा कप दिला, तर तो घेऊन हॉलभर फिरायला लागले.

"बसा हो काका, मला गरगरतंय!"

"पाचाच्या सात ओळी होतील का गं?"

"दोन ओळींनी काय होणार?"

"घरचं लिहीन."

"भटक्या लोकांना तुमच्या घरचं काय करायचंय?"

काका खिडकीशी थांबले. "आमचा सचिन आहे तुझ्या कट्ट्यावर. त्याच्या लग्नावरून मी नको ते बोललो. तेव्हापासून घरचा फोन उचलत नाही. पण माझं लिहिलेलं वाचतो. खाली वाचणाऱ्यांत नाव येतं की त्याचं! आईचं कसं चाललंय हे त्याला कोण सांगणार? नुसतं तेवढंच लिहिलं तर लोक हसतील. म्हणून रस्त्यात गुंडाळून धाडतो."

नियम मी तिथल्या तिथं उडवला. पण नशीब बघा, नेमकं कुणी काही विचारेचना. आणि विचारल्याशिवाय लिहायचं कसं, म्हणून काका अडलेले.

मग एका सकाळी प्रश्न आला. आजवर कट्ट्यावर एक अक्षर न लिहिलेल्या सचिन वाळुंजचा. ‘लोणावळा स्टेशनवरून तुंगार्लीला कसं जायचं? सविस्तर लिहा.’

अहो, तुंगार्ली म्हणजे आमचीच वस्ती. याच इमारतीत लहानाचा मोठा झालेला पोरगा घरची वाट विचारत होता!

आता काका पुराण लिहिणार म्हणून मी फोन धरून बसले. उत्तर लगेच आलं. ‘स्टेशनातच थांब. मी न्यायला येतो.’

जिन्यात धावले, तर काका शर्टाची बटणं लावत खाली निघालेले.

"अहो काका, तो कधी येणार ते तरी विचारलंत का?"

"विचारायचं कशाला?" काका खालूनच ओरडले. "उभा राहीन की!"